अ‍ॅस्परॅगसचा वाफा: कधी तोडायचं आणि कधी थांबायचं

सोनटक्का | २ एप्रिल

बागकामाच्या धाग्यावर दर वसंतात अ‍ॅस्परॅगसबद्दल तेच प्रश्न येतात आणि उत्तरं टोमॅटो-मिरचीच्या गर्दीत हरवतात. म्हणून हा वेगळा धागा. मी मध्य न्यू जर्सीत राहते, घरामागे अ‍ॅस्परॅगसचा चांगला रुळलेला वाफा आहे. इथल्या हवेत इतकं भरभरून देणारी दुसरी भाजी मी पाहिलेली नाही. पण तिचा स्वभाव समजून घेतला नाही तर दोन-तीन वर्षांत वाफा खंगतो.

आपण भेंडी, गवार, मेथी लावणारी माणसं. पेरलं, खाल्लं, उपटलं, पुढच्या हंगामाला पुन्हा बी. अ‍ॅस्परॅगस एकदा लावला की त्याच जागी १५-२० वर्षं राहतो. जमिनीखाली त्याचं आडवं खोड असतं आणि त्यातून चहूकडे पेन्सिलीएवढी जाड, मांसल मुळं पसरलेली असतात. याला इथे क्राउन म्हणतात, मी गड्डा म्हणेन. गड्ड्यावर डोळे असतात. वसंतात जमिनीचं तापमान साधारण १० अंश सेल्सिअसवर गेलं की डोळे फुटतात आणि कोंब वर येतात. आपण खातो ते हे कोंब.

आता जरा हा कोंब हातात घेऊन बघा. त्यावर जे त्रिकोणी खवले दिसतात तीच त्याची खरी पानं. त्यांच्यात अन्न तयार करायची ताकद जवळजवळ नाही. मग गरम दिवसात एका दिवसात सहा-सहा इंच वाढणारा हा कोंब वाढतो कशावर? मुळांत गेल्या उन्हाळ्यात साठवलेल्या साखरेवर. कोंब तोडला नाही तर शेंडा सुटतो, फांद्या फुटतात आणि चार-पाच फूट उंच, धुरासारखं मऊ हिरवं झुडूप तयार होतं. सगळे त्याला फर्न म्हणतात, नेच्याशी त्याचा काही संबंध नाही. हे झुडूप ऑक्टोबरपर्यंत उन्हात उभं राहतं आणि पुढच्या वर्षीची साखर खाली पाठवत राहतं.

म्हणजे या एप्रिलमध्ये ताटात आलेली भाजी गेल्या जुलै-ऑगस्टमध्ये तयार झालेली असते. अ‍ॅस्परॅगसची मशागत म्हणजे उन्हाळ्यातल्या त्या झुडपाची मशागत. बाकीचे सगळे नियम यातूनच निघतात.

लावणीबद्दल. एक वर्षाचे गड्डे नर्सरीतून आणा. दोन-तीन वर्षांचे महाग गड्डे घेण्यात फायदा नाही, हलवताना त्यांची मुळं जास्त दुखावतात. पूर्ण ऊन लागेल अशी, पाणी न साचणारी आणि पुढची २० वर्षं हलवावी लागणार नाही अशी जागा बघा. कुंपणाच्या उत्तर बाजूला लावू नका. त्याचबरोबर झुडूप उंच होतं, त्याची सावली इतर भाज्यांवर पडणार नाही हेही बघा. माती आधी तपासून घ्या. इथे रटगर्स विद्यापीठाची प्रयोगशाळा घरगुती बागेची माती तपासून देते. सामू (pH) ६.५ ते ७ हवा. इथली माती बरेचदा आम्लधर्मी निघते, मग लावणीच्या आधीच्या शरदात चुना घालावा लागतो.

सहा ते आठ इंच खोल चर खणा. तळाशी स्फुरदयुक्त (फॉस्फरसचं) खत आणि कुजलेलं शेणखत घाला, कारण स्फुरद मातीत फारसा हलत नाही. वरून टाकलेला मुळांपर्यंत पोचायला फार वेळ घेतो. मधोमध मातीचा लहानसा वरंबा करून गड्डे त्यावर दीड-दीड फुटावर ठेवायचे, मुळं दोन्ही बाजूंना पसरायची, डोळे वर. त्यावर दोनच इंच माती. कोंब वर येत जातील तशी थोडी थोडी माती ओढत चर भरायचा. दोन ओळींत चार फूट अंतर ठेवा. लावताना हे अंतर हास्यास्पद वाटतं, तिसऱ्या वर्षी ओळीतून चालता येत नाही.

आणि आता सगळ्यात अवघड भाग: पहिल्या वर्षी एकही कोंब तोडायचा नाही. दुसऱ्या वर्षी फार तर दोन आठवडे. तिसऱ्या वर्षी चार. चौथ्या वर्षापासून सहा ते आठ आठवडे. न्यू जर्सीत एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्यानंतर कोंब कितीही देखणे आले तरी कात्री ठेवून द्या.

---

उन्हाळी | २ एप्रिल

फार छान लिहिलंय. मी डॅलसला. इथे उन्हाळ्यात ४० अंश. येईल का?

---

सोनटक्का | २ एप्रिल

येईल. तुमच्याकडे थंडी पुरेशी पडते, त्यामुळे झाडाला हिवाळ्याची विश्रांती मिळते. यूसी १५७ ही जात बघा, कॅलिफोर्निया विद्यापीठाने उष्ण भागांसाठी काढलेली आहे. कोंब आमच्यापेक्षा बरेच आधी येतील, तसंच तोडणंही आधी थांबवावं लागेल. उन्हाच्या तडाख्यात शेंडे लवकर सुटतात, म्हणून कोंब सहा-सात इंचांचे असतानाच काढा. पाल्याचं जाड आच्छादन आणि ऑगस्टमध्ये पाणी या दोन गोष्टी चुकवू नका.

---

पाऊलवाट | ३ एप्रिल

माझ्याकडे पुण्यात गच्चीवर शतावरीचा वेल आहे, मोठ्या कुंडीत. त्यालाही पावसाळ्याच्या सुरुवातीला अगदी असेच कोंब येतात, खवल्यांसकट. हीच का ती? खाल्ले तर चालतील का? शिवाय फुलवाल्याकडे गुच्छात घालतात ती जाळीदार हिरवी पानं, त्यालाही अ‍ॅस्परॅगसच म्हणतात. मला जरा गोंधळायला झालंय.

---

रानमेवा | ३ एप्रिल

पाऊलवाट, तुमचं निरीक्षण अचूक आहे. मी वनस्पतीशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त होऊन रत्नागिरी जिल्ह्यात असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही तिन्ही एकाच प्रजातीतली (genus) भावंडं. सोनटक्का लिहितायत ती अ‍ॅस्परॅगस ऑफिसिनॅलिस, मूळची युरोप आणि पश्चिम आशियाची, समुद्रकाठच्या रेताड जमिनीतली. तुमची शतावरी म्हणजे अ‍ॅस्परॅगस रेसिमोसस, आपल्या सह्याद्रीतली काटेरी वेल. तिचे आकडेदार काटे तुम्ही अनुभवले असतीलच. तिचं वैभव मुळांत: एका वेलीखाली दोन्ही टोकांना निमुळत्या, पांढुरक्या मुळ्यांचा मोठा झुबका असतो. बाळंतिणीला देतात तो शतावरी कल्प या मुळ्यांचा.

गुच्छातली जाळी म्हणजे अ‍ॅस्परॅगस सेटॅशिअस, दक्षिण आफ्रिकेकडची शोभेची वनस्पती. कोल्ह्याच्या शेपटीसारखी झुबकेदार दिसणारी आणखी एक कुंडीत लावतात, तीही तिकडचीच. या दोन्ही खाण्याच्या नाहीत.

शतावरीचे कोंब मात्र खातात. आपल्याकडच्या आदिवासी पाड्यांवर पहिल्या पावसानंतर या कोवळ्या कोंबांची भाजी होते, रानभाज्यांच्या महोत्सवांतही ती मांडलेली असते. काटे टणक व्हायच्या आत, कोंब सहज मोडतो तोवरच काढायचे. पण तुमची एकच वेल असेल तर थोडे काढा. सोनटक्कांनी सांगितलेला हिशोब तिलाही लागू आहे. आणि रानातली वेल मुळासकट उपटून आणू नका, ही सगळ्यांना विनंती. मुळ्यांच्या व्यापारापायी अनेक डोंगरांवरून ती विरळ झाली आहे.

आता एक गंमत दाखवतो. शतावरी असो की अ‍ॅस्परॅगस, एक बारीक फांदी भिंगाखाली धरा. सुईसारखी हिरवी ‘पानं’ झुबक्याने एकेका ठिकाणाहून निघालेली दिसतील. ती पानं नाहीतच, त्या बदललेल्या फांद्या आहेत. झुबक्याच्या बुडाशी कागदासारखा वाळका खवला दिसेल, ते खरं पान. पानाने काम सोडलं आणि खोडाने ते उचललं. कोरड्या, वाऱ्याच्या जागी मोठं पान परवडत नाही, त्यावरचा हा तोडगा.

---

पाऊलवाट | ३ एप्रिल

रानमेवा सर, भिंग घेऊन आत्ताच बघून आले. अगदी स्पष्ट दिसतंय! इतकी वर्षं मी त्यांना पानं समजून पाणी मारत होते. मनापासून आभार.

---

नेकारकाठी | ५ एप्रिल

हायडेलबर्गहून लिहिते. इकडे सध्या दुसरं काही बोलायला विषय नाही, कारण श्पार्गेलचा, म्हणजे अ‍ॅस्परॅगसचा, हंगाम तोंडावर आला आहे. जर्मनीत पांढऱ्या अ‍ॅस्परॅगसचं जे प्रेम आहे ते आपल्या हापूसप्रेमाच्या तोडीस तोड आहे. आमच्या शेजारचं श्वेत्सिंगन हे त्यासाठी प्रसिद्ध गाव. राजवाड्यासमोरच्या चौकात श्पार्गेल विकणाऱ्या बाईचा ब्राँझचा पुतळा आहे. बर्लिनजवळच्या बेलित्सचंही तसंच नाव.

पांढरा आणि हिरवा ही वेगळी झाडं नाहीत. पांढऱ्यासाठी गड्ड्यांच्या ओळीवर वाळूसर मातीचे उंच वरंबे चढवतात. कोंब आत अंधारात वाढतो, ऊन लागत नाही म्हणून हिरवा होत नाही. शेंड्याला उजेड लागला की आधी जांभळा होतो. वरंब्यावर प्लॅस्टिक अंथरतात, त्याची एक बाजू काळी आणि एक पांढरी. थंडी असली की काळी बाजू वर, म्हणजे माती तापते आणि कोंब लवकर येतात. ऊन चढलं की पांढरी बाजू वर करून वाढ रोखतात.

काढणी मी शेतावर जाऊन पाहिली आहे. प्लॅस्टिक उचलायचं, मातीला बारीक तडा गेलेला शोधायचा. तड्याच्या बाजूने दोन बोटांनी माती उकरायची, कोंब उघडा करायचा, लांब सुरी खाली घालून कापायचा, आणि खड्डा बुजवून थापीने वरंबा पुन्हा गुळगुळीत करायचा, म्हणजे उद्याचा तडा दिसेल. एकेका कोंबासाठी वाकून हे सगळं. हे काम मुख्यतः पोलंड आणि रोमेनियाहून येणारे मजूर करतात. २०२० च्या वसंतात सीमा बंद झाल्या तेव्हा रोमेनियाहून विमानं भरून मजूर आणावे लागले होते. किलोला एवढा भाव का, हे त्यांची पाठ बघितली की कळतं.

सोनटक्का, तुमचा मुद्दा इकडे कॅलेंडरमध्येच कोरलेला आहे. २४ जून, संत योहानचा दिवस. त्या दिवशी काढणी बंद. इथली म्हण आहे: चेरी लाल, श्पार्गेल खलास. हॉटेलांच्या पाट्यांवरूनही तो जातो. २४ जूनच का, तर तिथून पहिल्या कडक थंडीपर्यंत झाडाला साधारण शंभर दिवस वाढायला मिळावेत म्हणून.

---

तिळगूळ | ५ एप्रिल

इंग्लंडमध्येही तसंच. परंपरेने २३ एप्रिल, सेंट जॉर्जच्या दिवसापासून २१ जूनपर्यंत. आमच्याकडे ईव्हशॅमच्या खोऱ्यातला हिरवा माल येतो. दोन महिने भरपूर खायचा आणि मग वर्षभर पेरू देशातून आलेल्या जुड्यांकडे बघायचंही नाही, असं आमच्या घरी ठरलेलं आहे. चवीत जमीनअस्मानाचा फरक आहे. तो का पडतो, कोणी सांगेल का?

---

प्राजक्त | ६ एप्रिल

मी अन्नतंत्रज्ञानात काम करतो, म्हणून उत्तर देतो. कोंब ही ऐन वाढीतली पेशीजाल आहे. तोडल्यावरही तो जोरात श्वसन करत राहतो, भाज्यांमध्ये त्याचा श्वसनाचा वेग सर्वांत जास्त असणाऱ्यांत मोडतो. त्यात त्याची साखर जळते आणि दुसरीकडे बुडापासून वर तंतू पक्के होत जातात. म्हणून व्यापारी माल तोडल्या तोडल्या गार पाण्याने थंड करतात आणि शून्य ते दोन अंशांवर ठेवतात. तरीही समुद्र ओलांडून आलेली जुडी आणि तासाभरापूर्वी तोडलेला कोंब यांची बरोबरी होणार नाही. गोडवा गेलेला असतो.

घरी आणल्यावर बुडाचा अर्धा इंच कापा, पेल्यात इंचभर पाणी घालून कोंब उभे ठेवा, वरून सैल पिशवी, आणि फ्रीजमध्ये.

आणखी एक. लोक विचारायला लाजतात पण प्रत्येकाच्या मनात असतं: ही भाजी खाल्ल्यावर लघवीला उग्र वास येतो. घाबरायचं कारण नाही, मूत्रपिंडाचा विकार वगैरे नाही. यात अ‍ॅस्परॅगुसिक आम्ल नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं, ते पचताना मिथेनथायॉलसारखी उडून जाणारी द्रव्यं तयार होतात. अर्ध्या तासातही वास जाणवू शकतो. काही जणांना तो येतच नाही, कारण तो ओळखण्याची क्षमता अनुवंशावर अवलंबून आहे. बेंजामिन फ्रँकलिनने १७८१ मध्ये याबद्दल लिहून ठेवलं आहे.

---

उन्हाळी | ६ एप्रिल

प्राजक्त, देव तुमचं भलं करो. नवऱ्याला डॉक्टरकडे पाठवणार होते.

---

आजोळ | ९ एप्रिल

बारीक घ्यावेत की जाड? माझी सासू भाजीवाल्याकडून नेहमी बारीक कोंब निवडते, म्हणते जाड म्हणजे जून.

---

सोनटक्का | ९ एप्रिल

आजोळ, भेंडी-गवारीचा न्याय इथे लागू पडत नाही. कोंब वर येतानाच त्याची जाडी ठरलेली असते. बारीक कोंब वाढून जाड होत नाही. जाडी सांगते ती गड्ड्याची ताकद, झाडाचं वय आणि थोडीफार जात. भरदार गड्ड्यातून आलेला अंगठ्याएवढा कोंब खूप रसाळ असतो, आणि त्याच्यात सालीच्या मानाने गर जास्त. मी सासूबाईंच्या जागी असते तर जाड घेतला असता.

जून ओळखायचा तो शेंड्यावरून. शेंडा घट्ट मिटलेला हवा. खवले बाहेर वळायला लागले, शेंडा सुटून फुलोऱ्यासारखा दिसायला लागला की तंतू आलेच. बुडाचा काप कोरडा, लाकडासारखा नसावा.

वाफ्यात मात्र बारीक कोंबाला फार अर्थ आहे. हंगामाच्या शेवटी बहुतेक कोंब पेन्सिलीपेक्षा बारीक यायला लागले की साठा संपत आला समजा. आठवड्यांचा हिशोब विसरलात तरी चालेल, ही खूण विसरू नका. त्याच दिवशी थांबायचं. दोन्ही खुणा हाताशी असल्या तर मी बारीक कोंबांचं ऐकते, तारखेचं नाही.

---

तिळगूळ | ९ एप्रिल

आणि वाकडे कोंब? माझे काही अगदी आकड्यासारखे वळतात.

---

रानमेवा | १० एप्रिल

एका बाजूला इजा झाली की ती बाजू सावकाश वाढते, दुसरी पुढे जाते, आणि कोंब इजेच्या दिशेने वळतो. थंडीचा चटका, वाऱ्याने उडालेली वाळू, किडीने कुरतडणं, वर येताना लागलेला दगड, काहीही कारण असू शकतं. खायला काही हरकत नाही.

---

आजोळ | १२ एप्रिल

आता भाजीचं सांगा! इकडच्या लोकांसारखं ऑलिव्ह तेलात भाजून आमच्याकडे फार काळ खपत नाही.

---

सोनटक्का | १२ एप्रिल

आमच्या घरची रोजची: कोंब बुडाकडे हाताने वाकवा, जिथे मोडेल तिथून खालचा भाग चिवट. वरच्या भागाचे इंचभर तिरके तुकडे करा, शेंडे बाजूला ठेवा. लोखंडी कढईत तेल, मोहरी, हिंग, भरपूर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची. आच मोठी. आधी बुडाकडचे तुकडे, दोन मिनिटांनी मधले, शेवटी शेंडे. मीठ. झाकण ठेवायचं नाही, झाकण ठेवलं की रंग उतरतो आणि भाजी गिळगिळीत होते. दाताखाली किंचित करकर राहिली पाहिजे. उतरवून ओलं खोबरं आणि लिंबू. हळद घालत नाही. भाकरीपेक्षा गरम भात-वरणाबरोबर जास्त छान लागते.

भिजवलेली मूगडाळ घालूनही होते, डाळ आधी वाफवून घ्यायची. पीठ पेरून करून पाहिली, बेसनाने तिचा नाजूक गोडवा झाकला जातो असं माझं मत.

चिवट बुडखे टाकू नका. पाण्यात उकळून ते पाणी गाळून सारात वापरा.

---

नेकारकाठी | १२ एप्रिल

पांढऱ्याचं थोडं. तो सोलावाच लागतो. शेंड्याच्या जरा खालपासून बुडापर्यंत, आणि हात सढळ ठेवून; सालीचा एक धागा राहिला तरी तोंडात चोथा होतो. मीठ, चिमूटभर साखर आणि लोण्याचा गोळा घातलेल्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवतात. करकरीत ठेवायची पद्धत इथे नाही. सोबत नवे बटाटे आणि वितळलेलं लोणी किंवा हॉलंडेज सॉस. सालं आणि बुडखे उकळून दुसऱ्या दिवशी सूप. आमच्याकडे त्या सुपात मी थोडं जिरं-तूप घालते आणि मुलं वाटी चाटून पुसून संपवतात.

---

शिवार_नाशिक | २० एप्रिल

नमस्कार मंडळी. धागा वाचला, माहिती चांगली आहे. मी नाशिक जिल्ह्यात द्राक्ष आणि भाजीपाला करतो. हॉटेलवाले याला चांगला दर सांगतात. आपल्याकडे बर्फ नाही, कडक थंडी नाही, मग झाड विश्रांती कधी घेणार? आणि आमच्या काळ्या रानात जमेल का?

---

रानमेवा | २१ एप्रिल

शिवार भाऊ, प्रश्न अगदी मुळाचा विचारलात. विश्रांती दोन प्रकारांनी देता येते: थंडीने किंवा पाण्याच्या ताणाने. द्राक्षवाल्याला ताण आणि छाटणी शिकवायला नको. पेरूच्या किनारी वाळवंटात, इका भागात, हेच करतात. पाणी तोडायचं, झुडूप वाळलं की कापायचं, पुन्हा ठिबक सुरू केलं की कोंब फुटतात. वर्षात दोन काढण्या होतात. त्याची किंमतही लक्षात घ्या, तिथली भूजल पातळी या शेतीने फार खाली गेली आहे.

दुसरी पद्धत तैवानची, थायलंडमध्येही चालते. झाडावर चार-पाच निरोगी दांडे कायम उभे ठेवायचे, त्यांना आईदांडे म्हणा. ते अन्न पुरवत राहतात आणि मधून येणारे नवे कोंब काढत राहायचं. दोन-तीन महिन्यांनी आईदांडे थकले, पिवळे पडले की नव्या कोंबांतून त्यांची जागा भरायची. पावसाळी उष्ण प्रदेशाला ही रीत योग्य.

काळ्या भारी जमिनीत लावू नका असं मी स्पष्ट सांगेन. पावसाळ्यात गड्डा दोन दिवस पाण्यात बसला की कूज लागते. मुरमाड किंवा पोयट्याची, निचऱ्याची जमीन, उंच गादीवाफा आणि ठिबक. पावसाळ्यात दाट झुडपावर करपा येतो, म्हणून दांडे मोजके ठेवा आणि वारा खेळू द्या. आधी दोन-चार गुंठ्यांवरच करा. आणि प्राजक्त यांनी लिहिलेलं शीतसाखळीचं पुन्हा वाचा. गिऱ्हाईक आणि थंड साठवण हे दोन्ही ठरल्याशिवाय मोठ्या क्षेत्राला हात घालू नये.

---

शिवार_नाशिक | २१ एप्रिल

सर, आईदांडा समजला. पाच गुंठे मुरमाड तुकडा आहे, बी टाकून रोपं करतो. पुढे कळवीन.

---

आजोळ | १८ मे

मदत! कोंबांवर काळे बारीक ठिपके उभे राहिलेत, दाढीच्या खुंटांसारखे, ओळीने. धुऊन जात नाहीत.

---

सोनटक्का | १८ मे

ती अ‍ॅस्परॅगसच्या भुंगेऱ्याची अंडी. भुंगेरा पाव इंचाचा, निळसर काळा, पाठीवर पिवळट पांढरे ठिपके आणि कडेला लाल रेघ. अंगठ्याने अंडी खरवडून काढा, भाजी खुशाल खा. सकाळी गारव्यात भुंगेरे सुस्त असतात तेव्हा साबणाच्या पाण्याच्या डब्यात झटकून टाका.

खरं नुकसान पुढे होतं, राखाडी अळ्या झुडपाची हिरवी जाळी कुरतडतात तेव्हा. पुढच्या वर्षीचं पीकच त्या खातात. म्हणून काढणी संपली तरी जुलैमध्ये फेरी मारत जा.

नारिंगी रंगाचा, काळ्या ठिपक्यांचा दुसरा एक असतो. त्याच्या अळ्या लाल फळांत राहतात, त्यामुळे त्याचा उपद्रव कमी.

---

तिळगूळ | १८ मे

लाल फळं? माझ्या झाडांना कधीच नाहीत.

---

सोनटक्का | १९ मे

मग तुमची सगळी नर झाडं असतील. पपईसारखी यातही नर आणि मादी झाडं वेगळी. मादीला हिरवट पांढऱ्या घंटेसारख्या फुलांनंतर लाल फळं धरतात, त्यात तिची शक्ती जाते. शिवाय बी पडून जिथे तिथे रोपं उगवतात आणि ती गड्ड्यांशी स्पर्धा करतात. नर झाड सहसा जास्त कोंब देतं. म्हणूनच रटगर्समध्ये जर्सी जायंट, जर्सी नाइट या सगळ्या नर रोपांच्या जाती काढल्या. जुनी मेरी वॉशिंग्टन लावली तर दोन्ही येतात. माझ्याकडे काही माद्या आहेत आणि मी त्या काढलेल्या नाहीत. मधमाश्या त्या फुलांवर तुटून पडतात. घरात लहान मुलं असतील तर एवढं बघा, ती फळं विषारी असतात, खायची नाहीत.

---

चाफेकळी | ११ ऑक्टोबर

धागा वर आणते. आम्ही या उन्हाळ्यात पेनसिल्वेनियात घर घेतलं, मागे आधीच्या मालकांचा अ‍ॅस्परॅगसचा वाफा आहे. तण माजलंय, झुडपं बारीक आहेत, आता पिवळी पडायला लागली आहेत. कापू का? कोणीतरी सांगितलं की मीठ टाक, तण मरतं आणि अ‍ॅस्परॅगसला काही होत नाही. आणि वाफा उचलून उन्हात हलवता येईल का? इथे मेपलची सावली आहे.

---

सोनटक्का | ११ ऑक्टोबर

चाफेकळी, घराबद्दल अभिनंदन!

मीठ टाकू नका. समुद्रकाठचं झाड आहे म्हणून त्याला खारटपणा इतरांपेक्षा जास्त सोसतो हे खरं, आणि पूर्वी टाकतही असत. पण त्याने मातीचा पोत बिघडतो आणि पावसाबरोबर मीठ शेजारच्या वाफ्यात जातं. तण हातानेच, वरवर काढा. कुदळ लावू नका, गड्ड्याचे डोळे अगदी वर असतात. मग कुजलेल्या पानांचं तीन-चार इंच आच्छादन.

झुडपं अजून कापू नका. पिवळी पडत असली तरी उरलीसुरली साखर खाली उतरते आहे. पूर्ण तपकिरी, कडकडीत वाळली की जमिनीलगत कापा. भुंगेरे दिसले होते का? दिसले असतील तर कापलेलं सगळं बागेबाहेर घालवा, ते पोकळ दांड्यांत हिवाळा काढतात. नसतील तर मी तशीच उभी ठेवते, बर्फ अडकून गड्ड्यांवर पांघरूण राहतं, आणि मार्चच्या सुरुवातीला कापते.

सावलीतला वाफा कधीच भरणार नाही, तेव्हा उन्हात न्यायचा विचार योग्य आहे. पण जुने गड्डे उचलू नका. मुळं दूरवर गेलेली असतात, खणताना अर्धी तुटतात, आणि जुन्या वाफ्यातली बुरशी सोबत जाते. नवे गड्डे घ्या आणि नवी जागा करा. जुन्या जागी पुन्हा अ‍ॅस्परॅगस लावायचा नाही, त्या मातीत फ्युझेरियम बुरशी राहते आणि जुन्या मुळांतून उतरलेली द्रव्यंही नव्या रोपांना वाढू देत नाहीत. नवा वाफा धरेपर्यंत जुन्यातून थोडं थोडं खात राहा, पुढची दोन-तीन वर्षं तेवढंच.

---

चाफेकळी | १२ ऑक्टोबर

गॅरेजच्या दक्षिणेला सहा तासांहून जास्त ऊन येतं, पाणी साचत नाही. तिथे आत्ताच काही तयारी करू का?

---

सोनटक्का | १२ ऑक्टोबर

जरूर. माती तपासायला या आठवड्यातच पाठवा, म्हणजे चुना लागणार असेल तर जमीन गोठायच्या आत घालता येईल. हिरवळ काढून टाका, विशेषतः पसरणाऱ्या गवताची मुळं वेचून काढा. नंतर ती गड्ड्यांत शिरली की निघत नाहीत. कंपोस्ट पसरून वर पुठ्ठा आणि पानं घाला. गड्ड्यांची मागणी जानेवारीत नोंदवून ठेवा, चांगल्या जाती लवकर संपतात. चर एप्रिलमध्ये खणा, माती मुठीत दाबून मोकळी सुटायला लागली की.

---

शिवार_नाशिक | १४ ऑक्टोबर

पावसाळा निघाला. उंच वाफ्यावरची रोपं टिकली, सखल कोपऱ्यातली गेली. उरलेली गुडघ्याएवढी झाली आहेत. सर, आईदांडे आत्तापासून धरायचे का?

---

रानमेवा | १४ ऑक्टोबर

इतक्यात नको. या वर्षी येईल तो प्रत्येक दांडा वाढू द्या, काहीच काढू नका. सखल कोपऱ्यात चर काढून पाणी बाहेर न्या आणि तिथे पुन्हा लावू नका.